आधी करून बघा, मग खोडा

पत्र:

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे. या सत्रात चौथीच्या मुलांकडून ‘अमुक कसं करावं’ अशा विषयांवर निबंध लिहून घेतले. विषय त्यांनीच निवडले. पंक्चर कसं काढावं, वहीला कव्हर कसं घालावं, भाकरी कशी करावी, अंगण कसं सारवावं. लिहिलंही हौसेनं. अडचण पुढे आहे. ‘आता वाचा आणि सुधारा’ म्हटलं की तोच निबंध चांगल्या अक्षरात पुन्हा उतरवून आणतात. एकमेकांचे वाचायला दिले तर ‘छान आहे’ यापलीकडे कुणी बोलत नाही. सारवणाचा निबंध वर्गासमोर वाचणाऱ्या मुलीला सगळे ‘शेण, शेण’ करून हसले. ती रडत खाली बसली. मुख्याध्यापकांचं म्हणणं, प्रत्येक वही लाल शाईनं तपासलेली दिसली पाहिजे. पालकांचंही तेच. यातून वाट कशी काढू? आणि एवढं सगळं करायला वेळ कुठून आणू?

— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर:

ताई,

मुलांनी निबंध चांगल्या अक्षरात उतरवून आणला, यात त्यांचं काही चुकलं नाही. ‘सुधारा’ म्हणजे काय, हे त्यांनी आजवर तेवढंच पाहिलंय. नऊ वर्षांच्या पोराला स्वतःच्या निबंधात काय सुटलंय ते दिसत नाही, आणि ‘नीट वाच रे’ म्हणून ते दिसणारही नाही. कागदावर जे नाही ते त्याच्या डोक्यात असतंच. वाचताना तो रिकाम्या जागा मनातल्या मनात भरत जातो आणि शेवटी खरंच म्हणतो, ‘बाई, बरोबर आहे सगळं.’

‘माझी आई’ या निबंधाबाबत त्याच्यापुढे आपलंही फारसं काही चालत नाही. कृतीच्या निबंधाची गोष्ट मात्र वेगळी. तो बरा की वाईट, हे ठरवायला ना तुमचं मत लागतं ना माझं. दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला करायला लावा. जमलं तर जमलं, अडलं तर अडलं. तुम्ही लिहा, सुधारा, मग वाचून दाखवा असा क्रम ठेवलात. माझं म्हणणं एवढंच की तो फिरवा. लिहून झालं की आधी दुसऱ्याकडे जाऊ द्या, सुधारणा त्यानंतर.

सुरुवात वहीच्या कव्हरपासून करा, कारण ते वर्गात बसून होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं लिहिलेलं मला आठवतं ते साधारण असं: ‘खाकी कागद घ्या. त्यावर वही ठेवा. मग कागद कापा. मग दुमडा. मग चिकटवा. मग नाव लिहा.’ वाचायला काही खटकत नाही. आता त्याच्याच शेजारच्याला खाकी कागद, वही आणि कात्री द्या. लिहिणारा एकेक वाक्य वाचेल, दुसरा तेवढंच करेल. नियम दोनच. लिहिणाऱ्यानं मधे बोलायचं नाही आणि करणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. दुसरा नियम मुलांना भलताच आवडतो. वही ठेवा म्हटलंय, तर तो मिटलेली वही कागदाच्या मधोमध ठेवतो. कापा म्हटलंय, तर वहीच्या कडेकडेनं कात्री चालवतो. पुढचं वाक्य ‘दुमडा’, आणि दुमडायला कागदच उरलेला नसतो. इथे लिहिणारा तोंडावर हात दाबून तळमळत असतो, त्याला तळमळू द्या. जिथे हात थांबला तिथे करणाऱ्यानं पेन्सिलनं समासात एक ठिपका द्यायचा. ना चूक, ना बरोबर, ना गुण.

पुढे तुम्हाला काही सांगावं लागत नाही. पोरगा कागद ओढून घेतो आणि स्वतःच लिहितो, ‘वही उघडून ठेवा, पुठ्ठे खाली. चारी बाजूंना चार बोटं कागद सोडून कापा.’ चार बोटं! हे माप मी त्याला शिकवलेलं नव्हतं, त्याच्या घरचं होतं. तासभर ‘सविस्तर लिहा, सविस्तर लिहा’ म्हणून जे येत नाही, ते एका वाया गेलेल्या खाकी कागदात येतं. (सरावाला जुनं वर्तमानपत्र घ्या. खाकी कागदाचा रोल महाग पडतो.)

पंक्चरचा निबंध मात्र नीट हाताळायला हवा, कारण ज्याला काम उत्तम येतं तोच सगळ्यात जास्त गाळतो. ज्याचा बाप किंवा काका सायकलच्या दुकानात बसतो, तो लिहील: ‘ट्यूब काढा, पंक्चर शोधा, घासा, सोल्यूशन लावा, तुकडा चिकटवा, ट्यूब घाला.’ त्याच्या दृष्टीनं झालं. पण घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवण्याआधी तिच्यात हवा भरावी लागते, नाहीतर बुडबुडे येणार कुठून? भोक सापडलं की खूण करायची आणि ती जागा कोरडी करून मगच पॉलिश पेपरनं घासायची. सोल्यूशन लावल्यावर लगेच तुकडा दाबायचा नाही, आधी ते थोडं सुकू द्यायचं. आणि टायरच्या आतून हळूच हात फिरवून बाभळीचा काटा काढला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दुकान. हे सगळं त्या मुलाला माहीत आहे. त्याच्या हातांना ते इतकं सवयीचं झालंय की ते ‘लिहिण्यासारखं’ त्याला वाटतच नाही.

अशा मुलाला ‘अजून लिही’ म्हणू नका. तीन प्रश्न विचारा: किती? कशानं? आणि कधीपर्यंत? पहिले दोन मुलं पटकन पकडतात. तिसरा त्यांना सुचत नाही आणि खरी मेख तिथेच असते. कधीपर्यंत घासायचं? ट्यूबची चकाकी जाईपर्यंत. कधीपर्यंत थांबायचं? सोल्यूशन बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत. कधीपर्यंत मळायचं? पीठ काठवटीला चिकटायचं थांबेपर्यंत. काम झालं हे कशावरून ओळखायचं, ते ज्या निबंधात आलं तो निबंध अर्धा सुधारला असं समजा. ‘किती’चं उत्तर ग्रॅम-मिलीलीटरमध्ये यायला हवं असंही नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’तली मापं वाटी-चमच्याची आहेत आणि त्यावर घरोघरच्या नव्या सुना स्वयंपाक शिकल्या. मुलांच्या मूठभर, चिमूटभर, पेलाभर, वीतभरला हसू नका. हरकत फक्त ‘थोडं’ला घ्या.

वर्गात चूल पेटवता येत नाही, तेव्हा भाकरीचा निबंध घरी जाईल. मुलीनं वाचायचं आणि आईनं किंवा आजीनं करायचं. एक अडचण सांगून ठेवते. आजीचे हात ऐकत नाहीत, पीठ पुढ्यात आलं की त्या थापायला लागतात. पण त्यांचं बोलणं ऐकून यायला सांगा. ‘अगं, जुन्या पिठाला विरी नसते, भाकरी तुटते. त्याला उकळतं पाणी घ्यायचं’, ‘तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव’ अशी वाक्यं मिळतात आणि ती निबंधात जशीच्या तशी घालता येतात. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही यात पूर्ण वाव आहे. वाचणार मूलच आहे.

आता कागदाबद्दल. मुलं सुधारत नाहीत याचं निम्मं कारण कागदात असतं. गच्च लिहिलेल्या पानावर एक वाक्य घुसवायलाही जागा नसते. मग उरतं काय, तर सगळं पुन्हा लिहिणं. चौथीतल्या हाताला ती शिक्षाच वाटते, आणि ज्या मुलाला सुधारणा म्हणजे शिक्षा वाटते ते कशाला चूक शोधेल? म्हणून कच्चा निबंध पाठकोऱ्या कागदावर, एकाच बाजूला आणि एक ओळ सोडून लिहून घ्या. दोन ओळींमध्ये वाक्य घालायचं असेल तर काकपदाची खूण शिकवा, कावळ्याच्या पायासारखी. जुन्या पोथ्या उतरवून काढणारे लेखनिकही सुटलेल्या अक्षराच्या जागी हीच खूण करून ते अक्षर समासात लिहीत आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचा पिवळा रंग लावत. हे मुलांना जरूर सांगा, खाडाखोडीची लाज कमी होते. वाक्यांचा क्रमच चुकला असेल तर सरळ कात्री घ्या. एकेक वाक्याची पट्टी कापा, जमिनीवर मांडा, पुढेमागे सरकवा, पटलं की डिंकानं चिकटवा. ‘सोल्यूशन लावा’ची पट्टी ‘घासा’च्या आधी ठेवून बघताना मुलं खो खो हसतात आणि क्रम म्हणजे काय ते त्यांना कळतं. लिहून संपलेलं पान त्यांना दगडावरच्या रेघेसारखं वाटत असतं. तुकडे झाल्यावर ते हलवता येतं.

भाषेकडे यानंतर वळा, आधी नाही. त्यातही एका वेळी एकच गोष्ट.

पहिली गोष्ट क्रियापदाची. कृतीच्या निबंधात मुलं काय करतात बघा: ‘पीठ घ्यावे. पाणी टाका. मग मळतो. थापायची. तव्यावर टाकली की झाली.’ पाच वाक्यांत पाच रूपं. ‘घ्यावे’ ते पुस्तकी थाटासाठी वापरतात आणि तिथेच फसतात, कारण ‘-आवे’ लावलं की प्रत्येक वेळी लिंग-वचन सांभाळावं लागतं. कांदा चिरावा, मिरची चिरावी, मिरच्या चिराव्यात, लिंबू चिरावं. मोठ्यांचीही इथे तारांबळ उडते. ‘चिरा’ म्हटलं की कांदाही चिरला जातो आणि मिरच्याही. म्हणून माझा कौल ‘घ्या, चिरा, टाका’ला आहे. एखादीला ‘घ्यायचं, चिरायचं’ असं बोलल्यासारखं लिहायचं असेल तर लिहू द्या. मात्र जे धरलं ते शेवटपर्यंत धरायचं. एका मुलानं फक्त वाक्याच्या शेवटी बोट ठेवत जायचं आणि रूप बदललं की थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट ‘मग’. सगळे ‘मग’ खोडायला लावू नका, निबंध लंगडा होतो. मुलांनी सगळ्या ‘मग’भोवती गोल करावा आणि प्रत्येकापाशी विचारावं, इथे नुसतं ‘मग’ आहे की काहीतरी होण्याची वाट बघायची आहे? वाट बघायची असेल तर ती लिहावी: ‘पाण्याला उकळी आली की’, ‘डिंक वाळल्यावर’. निम्मे ‘मग’ आपोआप जातात. उरलेले राहू द्या, चौथीच्या निबंधात दोन-चार ‘मग’ असणारच.

शुद्धलेखनाला मात्र हे निबंध फार सोयीचे आहेत, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मीठ पण मिठाचा खडा, पीठ पण पिठात, दूध पण दुधात, तूप पण तुपाची धार, चूल पण चुलीवर, मूठ पण मुठीनं. शब्द एकटा असताना दीर्घ, त्याचं सामान्यरूप झालं की ऱ्हस्व. हा नियम व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटतो, पण तुमच्या मुलांच्या भाकरी-सारवणाच्या निबंधांत तो ओळीओळीला भेटतो. एका आठवड्यात एवढीच जोडी धरा. फळ्यावर दोन रकाने करा आणि मुलांना स्वतःच्या निबंधातले शब्द त्यात टाकू द्या. बाकीच्या चुका तात्पुरत्या डोळ्याआड करा. जड जातं, मला माहीत आहे, पण करा.

घरच्या बोलीतले शब्द खोडण्याची घाई करू नका. काठवट, उलतनं, वावर, कोरड्यास हे त्या कामाचे शब्द आहेत. करणाऱ्याचा हात तिथे अडला नाही तर शब्द राहील. पुण्याहून आलेल्या मावसभावाला वाचायला द्यायचा असेल आणि तो अडला, तर त्याच्यापुरती एक ओळ जोडायची, ‘काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात.’ काठवट तिथेच राहते.

आता त्या मुलीविषयी. मुलं तिच्या निबंधाला हसली नाहीत, शेणाला हसली. हे तिला मात्र कळणं शक्य नाही. तिला आपण, आपलं घर आणि आपलं लिहिणं एकदमच हसण्यावारी गेल्यासारखं वाटलं असणार. वर्गाला सगळ्यांदेखत बोल लावू नका. त्यानं ती पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येते. तिला लगेच पुन्हा उभीही करू नका. तिनं निवडलेल्या एकाच मैत्रिणीसमोर ती वाचेल असं करा. आणि इथून पुढे वर्गाचा नियमच करा की एका श्रोत्याकडून करून झाल्याशिवाय कुठलाच निबंध सगळ्यांसमोर जायचा नाही, आणि ज्याला जायचं नाही त्यानं जायचं नाही. वर्गासमोर वाचणं ही फार मोठी उडी आहे. आपण मोठी माणसंही कच्चा मजकूर शंभर जणांपुढे वाचत नाही.

‘छान आहे’ आणि खिदळणं, दोन्हींची मुळं एकच. श्रोत्याला करायला काही काम नसतं. काम दिलं की दोन्ही कमी होतात. श्रोत्यानं मत द्यायचंच नाही. त्यानं दोनच प्रकारची वाक्यं बोलायची: ‘मी इथे अडलो’ किंवा ‘हे वाचून मला करता आलं’. सारवणाच्या निबंधावर कुणी विचारलं, ‘शेणात पाणी किती? हात कुठल्या बाजूनं फिरवायचा? दारापासून सुरुवात केली तर मग बाहेर कसं यायचं?’ तर हसायला सवड कुणाला आहे? हे शेवटचं तर फार चांगलं विचारण्यासारखं आहे. सारवताना मागे मागे सरकत यावं लागतं आणि तिच्या निबंधात ते बहुधा सुटलेलं असणार.

पक्का झालेला निबंध वहीत मिटून ठेवू नका. जिथे तो लागतो तिथे लावा. हात धुण्याचा निबंध नळापाशी, कव्हरचा निबंध दुसरीच्या वर्गात, जूनमध्ये, नवी पुस्तकं मिळतात त्या आठवड्यात. लगोरीचे नियम मैदानाच्या भिंतीवर. लगोरीत पायऱ्यांपेक्षा ‘असं झालं तर तसं’ जास्त असतं, तेव्हा त्यावर वेगळा दिवस द्या, त्यात भांडणं होतात आणि भांडणांतून वाक्यं मिळतात. वर्षअखेरीस सगळ्यांचं एक हस्तलिखित करा, आपल्याकडच्या शाळांना ती सवय जुनीच आहे. पालकसभेला तेच पुढे ठेवा.

लाल शाईचा प्रश्न मुख्याध्यापकांशी वाद न घालता सुटेल. कच्चे कागद फेकू नका. ठिपके, काकपदं, चिकटवलेल्या पट्ट्या यांसकट तारीख घालून पक्क्या निबंधाच्या मागे टाचा. वहीतल्या पक्क्या निबंधावर लाल शाईनं त्या आठवड्यात शिकवलेली एकच गोष्ट तपासा आणि खाली सही करा. वही तपासलेली दिसेल. आणि विचारणा झालीच, तर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा 20 ऑगस्ट 2010चा शासन निर्णय तुमच्या बाजूनं आहे. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे रोजच्या कामावरून सत्रभर करायच्या मूल्यमापनाच्या, आठ साधनतंत्रांमध्ये उपक्रम-कृती आहे, स्वाध्याय-वर्गकार्य आहे आणि दैनंदिन निरीक्षणही आहे. ठिपक्यांचा कागद या तिन्हींची नोंद आहे. पालकांना वेगळं समजावत बसू नका. पहिला कागद आणि शेवटचा कागद शेजारी शेजारी ठेवा. बहुतेकांना तेवढं पुरतं. एखादे वडील तरीही म्हणतील, ‘पण चुका का नाही काढल्या?’ त्यांना त्यांच्या मुलाचाच निबंध वाचून पंक्चर काढायला सांगा.

राहिला वेळ. दोन वर्ग एकत्र असल्याची अडचण तुम्ही पत्रात सूचित केलीत, पण या कामापुरती ती सोय आहे. तिसरीची मुलं तुमचे उत्तम परीक्षक. चौथीच्या मुलांना जे सवयीचं झालंय ते तिसरीला खरोखर माहीत नसतं, त्यामुळे त्यांना डोकं न चालवण्याचं सोंग करावं लागत नाही. चौथीनं वाचावं, तिसरीनं करावं, तुम्ही मधून फिरावं. ज्याला अजून धड लिहिता येत नाही असं एखादं मूल चौथीत असेल, तर त्यानं तोंडी सांगावं आणि जोडीदारानं लिहावं. करून बघताना त्याचे हात इतरांइतकेच उपयोगी आहेत. सगळ्यांचे निबंध एकाच दिवशी काढू नका. दिवसाला दोन जोड्या, आणि पक्का झालेला एखादा निबंध परिपाठात, ज्याची इच्छा असेल त्याचा. तरीही वेळ पुरला नाही, तर सत्रातले निबंधांचे विषय निम्मे करा. गाळायचेच असतील तर आधी ‘मी पंतप्रधान झालो तर’ गाळा.